मशीनलाही 'नक्की माहीत नाही' म्हणू द्या!

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीच्या चुका पोटात घाला, मुद्दा मात्र ऐका.

पेपर सुटला की आपण हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसून ऑब्जेक्टिव्हची उत्तरं जुळवतो. बरोबर उत्तरांचा कागद कुणाकडेच नसतो. मग ज्याची उत्तरं बाकीच्यांशी जास्त जुळतात, त्याच्या मताला जास्त वजन. त्यावरून उत्तरं ठरवायची, त्या उत्तरांवरून परत प्रत्येकाला तपासायचं, असं चालू... हसू नका, पण एकाच स्कॅनवर वेगवेगळ्या डॉक्टरांनी काढलेल्या रेषा एकत्र करायला अशीच पद्धत वापरतात! तिचं नाव 'स्टेपल'. वॉरफिल्ड, झू आणि वेल्स यांनी ती २००४ मध्ये मांडली. आत इंजिन आहे ते १९७७ मध्ये मांडलेल्या ईएम अल्गोरिदमचं.

मेंदूतला ट्यूमर कुठे संपतो आणि चांगला भाग कुठे सुरू होतो, ही रेषा काढणं म्हणजे सेगमेंटेशन. रेडिएशन कुठे द्यायचं हे त्या रेषेवर ठरतं, म्हणजे हा खेळ नाही. गंमत अशी की तज्ज्ञांच्या रेषाही सारख्या येत नाहीत. ब्रॅट्स या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा पेपर २०१५ मध्ये छापून आला. त्यात ग्लायोमाच्या पेशंटांचे ६५ स्कॅन होते. तज्ज्ञांच्या रेषा एकमेकांशी जुळल्या त्या ७४ ते ८५ टक्के, 'डाइस' या मापाने. २० अल्गोरिदमपैकी एकही ट्यूमरच्या सगळ्या भागांत पहिला आला नाही. पण चांगल्या अल्गोरिदमची मतं एकत्र केली, तेव्हा निकाल प्रत्येकापेक्षा वरचढ ठरला.

आता आपल्याकडे या. आमच्या मिनी-प्रोजेक्टला ९७ टक्के अ‍ॅक्युरसी आली आणि कँटीनमध्ये पार्टीसुद्धा झाली. नंतर कळलं, चित्रात ट्यूमरचे पिक्सेल इतके थोडे होते की सगळीकडे 'ट्यूमर नाही' म्हटलं तरी जवळपास तेवढीच अ‍ॅक्युरसी आली असती! डाइसने अशा उत्तराला सरळ शून्य दिलं असतं. मग दुसऱ्या ठिकाणचे स्कॅन घातले आणि प्रोग्रॅम पार आडवा झाला. कारण साधं आहे. सीटी स्कॅनमध्ये पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे हजार, असं ठरलेलं माप असतं. साध्या एमआरआयच्या उजेडाला तसं माप नाही. मशीन बदललं की तोच भाग उजळ किंवा काळपट दिसतो. म्हणून प्रत्येक मशीनच्या चित्रांचं सांख्यिकी गणित आधी जुळवून घ्यावं लागतं. आम्ही ते केलंच नव्हतं.

माझं म्हणणं असं. एकच मोठा आकडा जर्नलमध्ये छापणं बंद करूया. कुठल्या मशीनच्या स्कॅनवर किती, हे वेगवेगळं लिहूया. आणि प्रोग्रॅमला नुसती रेषा काढायला लावू नका. प्रत्येक पिक्सेलपाशी खात्री किती आहे, तेही दाखवू द्या. जिथे खात्री कमी, तिथे डॉक्टर स्वतः बघतील. आत्मविश्वासाने काढलेली चुकीची रेषा त्याहून कितीतरी वाईट.

कुणी म्हणेल, चौघांचं एकमत झालं की झालं ना? पण पायऱ्यांवरचे चौघं एकाच झेरॉक्स नोट्सवरून शिकले असतील, तर चौघांचं उत्तर एकदम चुकतं, हे आपण सगळ्यांनीच भोगलंय! 'स्टेपल'चीही तीच मेख आहे. प्रत्येकाच्या चुका स्वतंत्र आहेत, असं ती धरून चालते. म्हणून मतं नुसती पुष्कळ असून भागत नाही, ती वेगवेगळ्या ठिकाणांहून यायला हवीत.

आणि सर, मॅडम, तुम्हालाही एक विनंती. व्हायव्हाला कुणी खरं सांगितलं, की 'दुसऱ्या मशीनवर आमचा आकडा घसरला, आणि कारण हे', तर कृपया मार्क कापू नका. त्या मुलाने निदान तपासून तरी बघितलंय!