पुढचा ब्रेक आणि जुनी समजूत



पुण्यात कॉलेजात असताना काकांच्या मोटरसायकलवर शिकलो, तेव्हा पहिला उपदेश मिळाला: "पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर आपटशील." आठाचा आकडा काढून लायसन्स मिळवलं आणि ही समजूत घेऊनच अमेरिकेत आलो. चाळिशीत पुन्हा मोटरसायकलची हौस आली. इथल्या प्रशिक्षणवर्गात ताशी वीसेक मैलांवरून गाडी झटकन थांबवायला सांगितली, तर माझं मागचं चाक लॉक होऊन घसरलं आणि गाडी खुणेच्या बरीच पुढे जाऊन थांबली. आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, पण ही समजूत एकदाही तपासली नव्हती.

ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं. पकड पुढे, आणि आपण दाबतो मागचा! हॅरी हर्ट यांच्या लॉस एंजलिसमधल्या अभ्यासात (१९८१) हेच दिसलं. अपघातातले बहुतेक चालक मागचं चाक घसरवत आणि पुढचा ब्रेक पुरेसा दाबत नसत. टक्कर टाळायला वेळ असे जेमतेम दोन सेकंद. ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले, म्हणजे माझ्यासारखेच.

दोन सेकंदांत विचार होत नाही. हाताला सवय असेल तेच होतं. म्हणून मी आता अधूनमधून रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सराव करतो. हँडल सरळ, नजर समोर, दोन्ही ब्रेक. पुढचा मात्र लिंबू पिळावं तसा वाढत्या दाबाने. पुढचं चाक लॉक झालंच तर लगेच सोडून पुन्हा दाबायचा. सुरुवात कमी वेगाने, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं.

कुणी म्हणेल, आता एबीएस आहे ना? भारतातही १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना २०१९ साली ते सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. भीतीने अर्धवट दाबलेला ब्रेक ते पूर्ण दाबत नाही.

माझा एक वर्गमित्र असाच गाडी घसरून गेला. "त्याची वेळ भरली होती," असं सगळे त्याच्या आईला सांगत होते. मीही गप्प राहिलो. सरावाने तो वाचलाच असता, असा दावा मी करणार नाही. पण जे शिकवता येतं, त्याला नशीब म्हणणं मला आता पटत नाही.

पुढच्या भारतभेटीत भाच्याला गाडीसाठी पैसे द्याल, तेव्हा हेल्मेटही द्या, आणि मोकळ्या मैदानावरची एक सकाळही.