सही हवी, तर हिशेब दाखवा

मास्तर म्हणतात, झोपडपट्टीतल्या आईबापांना पोरांची फिकीर नाही. सभेला येत नाहीत.

अरे, सभा ठेवता कधी? बुधवारी सकाळी अकराला! अकराला नाक्यावरचा बिगारी डोक्यावर रेती घेऊन पाचवा मजला चढत असतो. धुणीभांडी करणारी बाई तिसऱ्या घरात असते. कंत्राटी सफाई कामगाराचा खाडा झाला की दिवसाची मजुरी गेली. एका सभेपायी एका दिवसाची चूल विझते. आणि बेफिकीर कोण, तर आम्ही.

माझ्या आईचीच गोष्ट सांगतो. धाकटी बहीण महापालिकेच्या शाळेत होती. एकदा तिला सोडायला गेलो, तर हेडमास्तरांच्या खोलीबाहेर भिंतीवर रंगवलेला बोर्ड: शाळा व्यवस्थापन समिती. सातवं नाव आईचं! घरी येऊन विचारलं, "आये, तू शाळेची मेंबर हायस?" ती म्हणाली, "मला काय म्हाईत? बाईंनी वहीवर सही घेतली व्हती. म्हनल्या, खिचडीची हाय." दोन वर्षं माझी आई त्या शाळेची कारभारीण होती आणि तिलाच पत्ता नव्हता.

दोस्तांनो, २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढा. कलम २१ वाचा. समितीत चारातल्या तीन जागा पालकांच्या. निम्म्या जागा बायकांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पोरांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा. काम काय? शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळेचा विकास आराखडा, आणि आलेलं अनुदान कुठं गेलं ते बघणं. पोषण आहाराच्या दर्जावर नजर ठेवायचं कामही २०१५ च्या नियमांनी याच समितीकडे दिलं. सभेची वेळ मात्र कलमात लिहिलेली नाही. तिथंच मेख आहे.

खासगी शाळांत बघा. २०११ च्या फी कायद्यानं तिथं फीचा आकडा पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. मग टायवाले पालक चिठ्ठीत आपलं नाव निघावं म्हणून धडपडतात. पैशाची किल्ली कुठं आहे ते त्यांना बरोबर कळतं. आमच्या वाट्याला संघ म्हणजे स्नेहसंमेलनाची वर्गणी, पाहुण्यांसाठी टाळ्या, आणि शेवटी सतरंज्या उचलणं.

आणि तो माता-पालक मेळावा! जानेवारीत हळदीकुंकू, तेही सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत. शेजारच्या मावशीचा नवरा गटार साफ करताना मेला. ती नवं लुगडं नेसून गेली आणि दारातच थबकली. तिचा पोरगा वर्गात पहिला. प्रगतिपुस्तकावर तिची सही चालते, कपाळ चालत नाही. च्यायला, हा शाळेचा कार्यक्रम की वाड्यावरचा?

१८८२ साली जोतीबांनी हंटर कमिशनला सुनावलं होतं, रयत घाम गाळून कर भरते आणि शिकतात वरच्यांची पोरं. कर आजही आम्ही भरतो, साबणाच्या वडीपासून पायातल्या चपलेपर्यंत. मग हिशेब मागायला लाज कसली?

सगळे मास्तर तसले नाहीत. त्याच शाळेतल्या एक बाई संध्याकाळी वस्तीत यायच्या, ओट्यावर बसून कोणाच्या पोराचं गणित कच्चं आहे ते सांगायच्या. त्या तासाभरात जे व्हायचं ते वर्षभराच्या सभांत झालं नाही. त्यांची बदली झाली.

आणि आपण वस्तीतली शिकलेली पोरं काय करतो? जयंतीची पावती फाडतो, बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावरून भांडतो. कलम २१ आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? बोर्ड दिसेपर्यंत मीही वाचलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

त्या रात्री अर्ज लिहिला. आईनं आणि वस्तीतल्या चार बायकांनी सह्या केल्या. सभा रविवारी संध्याकाळी घ्या. इतिवृत्त मोठ्यानं वाचा, मगच सही मागा. अनुदानाचा हिशेब त्याच भिंतीवर रंगवा.

हेडमास्तर म्हणाले, "रविवारी शाळा बंद असते."

आई म्हणाली, "मग वस्तीत या, सर. समाजमंदिर उघडं हाय. चहा आमचा."

ते आले. चहा प्याले. हिशेबाची वही तेवढी आणली नव्हती. शेवटी सहीसाठी रजिस्टर पुढं सरकवलं, तर आईनं ते मिटून परत त्यांच्या हातात दिलं आणि पुढच्या रविवारची वेळ विचारली.