समीकरण बसलं, पण...

परवा शनिवारी ताई भाचीला माझ्याकडे सोडून गेली. "सोमवारी सायन्सचा पेपर आहे, जरा समीकरणं करून घे तिच्याकडून." म्हटलं चला, ऑफिसचे बग शोधण्यापेक्षा बरं!

पोरगी हुशार. आकडे भराभर बसवत होती. गंमत म्हणून मी तिला एक घातलं : तांबं आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. तिने क्षणात लिहिलं, तांब्याचा एक अणू, आम्लाचे दोन रेणू; तयार होणार कॉपर क्लोराइड आणि हायड्रोजन. दोन्हीकडे हायड्रोजन दोन, क्लोरीन दोन. चोख!

"पण ही अभिक्रिया होतच नाही," मी म्हटलं.

"असं कसं मामा? बॅलन्स तर झाली ना!"

इथेच सगळी गोम आहे. समीकरण संतुलित करणं म्हणजे निव्वळ जमाखर्च. डावीकडे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे. पण वहीत हिशोब जुळला म्हणून व्यवहार झाला असं होत नाही. जस्त अभिक्रियाशीलता श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहे, ते आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतं. तांबं खाली आहे, ते ढिम्म बसून राहतं. तेच तांबं नायट्रिक आम्लात मात्र विरघळतं. आम्ल विरल असेल तर मुख्यतः रंगहीन नायट्रिक ऑक्साइड निघतो, तीव्र असेल तर तपकिरी नायट्रोजन डायॉक्साइड. दोघे तेच, पण उत्पादितं वेगळी. हे आकडेमोडीतून कसं कळणार?

आकडेमोड तर कॉम्प्युटरही करतो. प्रत्येक मूलद्रव्याचं एक समीकरण मांडा, मॅट्रिक्स सोडवा, झालं. आणि गंमत म्हणजे तोही फसतो! पोटॅशियम परमँगनेट, सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं प्रसिद्ध उदाहरण घ्या. परमँगनेटच्या २ रेणूंना पेरॉक्साइडचे ५ रेणू लागतात, पाण्याचे ८ आणि ऑक्सिजनचे ५ मिळतात. पण पेरॉक्साइडचा १च रेणू घेतला आणि उजवीकडे पाण्याचे ४ न् ऑक्सिजनचे ३ लिहिले, तरी सगळे अणू बरोब्बर जुळतात. करून बघा! अशी अगणित उत्तरं निघतात. खरं एकच, कारण परमँगनेट ५ इलेक्ट्रॉन घेतं आणि पेरॉक्साइड २ देतं. ते ठरवायला रसायनशास्त्र लागतं, गणित पुरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कंपाइल झाला म्हणजे तो चालतोच असं नाही.

मी एवढा ज्ञानी आहे असं समजू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही मित्र भाड्याचा फ्लॅट सोडत होतो. डिपॉझिट पूर्ण मिळावं म्हणून मी संडास चकाचक करायला घेतला. आधी आम्लाचा टॉयलेट क्लीनर ओतला, मग वरून ब्लीच. म्हटलं, दोन्ही स्वच्छ करतात, एकत्र दुप्पट करतील. मिनिटभरात नाक-घसा जळायला लागला, खोकत बाहेर पळालो. हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे क्लोरीन वायू! हे समीकरण मला तोंडपाठ होतं. आकड्यांसकट. फक्त बादलीत काय होणार हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रश्नपत्रिकेत 'संतुलित करा'च्या आधी 'अभिक्रिया होईल का? झाली तर काय तयार होईल? का?' हे यावं. कुणी म्हणेल, सिलॅबस संपवायला वेळ नाही, त्यात हे कुठे? अहो, पन्नास समीकरणं घोटण्याऐवजी दहा करा. वस्तुमान टिकतं, हे कळायला दहा पुरेत. उरलेल्या तासात एकदा तांब्याची तार आम्लात टाका आणि काहीच होत नाही हे पोरांना बघू द्या. 'काहीच होत नाही' हेसुद्धा उत्तर असतं, हे आपल्याला शाळेत शिकवलंच नाही.

असो. भाचीने जाताना ताईला पहिला प्रश्न विचारला, "आई, आपल्या बाथरूममधल्या बाटल्यांवर काय लिहिलंय गं?"

पेपरात किती मिळतील ठाऊक नाही. माझ्या हिशोबाने पास!