जखडलेला ब्रेक : आधीं निदान, मग उपाय

वैद्यकांत निदान आधीं आणि औषध मागाहून, हा क्रम आपण सर्वच मानतों; यंत्राच्या बाबतींत मात्र तो सहज विसरतों. धामणगांव रेल्वेच्या बाजारांत कापूस व तूर घेऊन येणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या एकत्र कुटुंबांची कितीतरी कामें करतात. अशी गाडी उतारावरही अडूं लागली, डिझेल अधिक लागूं लागलें व एखाद्या चाकापाशीं जळका वास आला, म्हणजे पेडल सोडल्यावरही ब्रेक सुटत नाहीं असें समजावें.

ही केवळ खर्चाची बाब नव्हे. घासणाऱ्या ड्रमची उष्णता ब्रेक ऑइलापर्यंत पोंचते. हें ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ३’ जातीच्या नव्या ऑइलाचा उत्कलनबिंदु किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरूं शकतो. ऑइल उकळलें कीं नळींत वाफ होते, पेडलाचा जोर ती वाफ दाबण्यांतच खर्ची पडतो, आणि गाडी थांबत नाहीं. सारांश, जो ब्रेक आज सोडीत नाहीं, तोच उद्यां धरीत नाहीं.

आतां परीक्षा. गाडी सपाट जागीं थंड होऊं द्यावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतूं नये, तो तडकण्याची भीति असते. हँडब्रेक सोडून, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, इतर चाकांस ठोकळे लावावे. मग एकेक चाक जॅकनें उचलून, खालीं भक्कम आधार देऊन, हातानें फिरवावें. सर्व मोकळीं वाटल्यास पेडल पांचसात वेळां दाबून पुन्हां पाहावें.

कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत शिकलों. म्हणून चारी चाकें जड असतील, तर दोष बहुधा मुळाशीं, मास्टर सिलिंडरपाशीं असतो. पेडलास आरंभीं थोडी मोकळी चाल हवी. ती नसेल, तर ऑइल परत जाण्याचें बारीक छिद्र बंदच राहतें. चुकून इंजिन ऑइल पडल्यानें आंतील रबर फुगूनही तें बुजतें.

एकच चाक जड असेल, तर त्याचें निपल किंचित् सैल करावें. ऑइल जोरानें उडून चाक सुटलें, तर दाब अडकला होता. अशा वेळीं रबरी नळी आंतून फुगल्याचा संशय घ्यावा. ती बाहेरून धड दिसते, हीच फसगत. चाक तरीही जड राहिलें, तर गंजलेला पिस्टन, थकलेली स्प्रिंग, किंवा मागील चाक असल्यास हँडब्रेकची अडकलेली केबल शोधावी.

उपाय कारणानुरूप करावा. रबरी नळ्या जोडीनें बदलाव्या. रबराचे भाग रॉकेलनें वा पेट्रोलनें धुऊं नयेत. ताजें ब्रेक ऑइलच वापरावें. चुकीचें ऑइल पडलें असेल, तर सर्व रबरें बदलून नळ्या स्वच्छ कराव्या. निपल उघडल्यावर हवा काढणें अवश्य आहे; नंतर मोकळ्या जागीं हळू चालवून खात्री करावी.

हें काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोंपवावें हें योग्य. परंतु कोणतें चाक जड आहे व निपल सैल केल्यावर तें सुटलें कीं नाहीं, एवढें त्यास सांगतां आलें, तर नुसते लायनर बदलून गाडी परत येण्याचा प्रसंग टळेल.