वापरलेल्या पाण्याचा ताळेबंद

मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी उपसून बेबी कालव्यातून दौंडकडील शेतीस दिले जाते; मोबदल्यात धरणाचे पाणी शहराला पिण्यासाठी राहावे, असा हा व्यवहार. बँकेतील सवयीने मी त्याची खतावणी मांडली.

माणशी रोज १३५ लिटर या मानकाने चौघांच्या घराला महिन्याला सुमारे १६ हजार लिटर पाणी लागते. त्यातील ८० टक्के, म्हणजे जवळजवळ १३ हजार लिटर, सांडपाणी होते. पिण्याच्या पाण्यावर गाळणी, क्लोरीन, दाबाच्या नळवाहिन्या आणि घरोघरच्या जोडण्या यांचा खर्च चढतो. कालव्याच्या पाण्यावर तो नाही, म्हणून ते स्वस्त दिसते. मात्र त्याच्या शुद्धीकरणाची वीज मिळकतकरातून शहरवासीयाने आधीच भरलेली असते. शुद्धीकरण अपुरे पडले, तर बाकी शेतकऱ्याच्या नावे पडते. या पाण्यातून नत्र व स्फुरद फुकट मिळतात, तेही जमेस धरले पाहिजेत; परंतु साबणातील सोडियम मातीत साचून भारी जमीन हळूहळू चोपण होते. हा घसारा कोणाच्या खात्यात लिहावा?

आमच्या घरी हल्ली धुण्याची पावडर मोजून घेतात. सौभाग्यवतींनी डब्यातला चमचाही लहान केला आहे.