टँकरच्या पाठीवरची इंग्रजी



शिनोली, घोडेगाव आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतून आपली किती मुले गाडीवर आहेत याची एकदा मोजदाद करून पाहा. जमीन तुटपुंजी, दहावी-बारावी झाली तरी नोकरीचा पत्ता नाही. मग पोरगा आधी कुणाच्या तरी पिकअपवर क्लिनर म्हणून बसतो. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, मंचरच्या बाजार समितीतला कांदा-बटाटा, चाकणच्या कारखान्यांचा माल, असे करत करत त्याच्या हाती स्टिअरिंग येते. त्या स्टिअरिंगवर अख्ख्या घराची चूल पेटते. म्हणून ड्रायव्हरच्या लायसन्सचा प्रश्न हा आपल्या घरातला प्रश्न आहे.

सध्या आपल्या ड्रायव्हर मंडळींत एक बोलणे ऐकू येते. अमेरिकेत म्हणे इंग्रजी आले नाही तर ट्रक ड्रायव्हरला रस्त्यातच गाडीवरून उतरवतात. आपल्याकडे तसली काही भानगड नाही, आपले बरे आहे! या बोलण्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा अर्धाच खरा आहे. त्या राहिलेल्या अर्ध्यात आपल्या मुलांचे नुकसान होते आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी अमेरिकेचे पाहू. तिथल्या नियमात ट्रक ड्रायव्हरला इंग्रजी वाचता-बोलता आले पाहिजे अशी अट फार जुनी आहे. लोकांशी बोलता यावे, रस्त्यावरच्या पाट्या समजाव्यात, अधिकाऱ्याने विचारले तर उत्तर देता यावे आणि नोंदवहीत लिहिता यावे, एवढी ती अट. २०१६ पासून मात्र केवळ इंग्रजी येत नाही म्हणून ड्रायव्हरला गाडीवरून उतरवणे बंद झाले होते. २८ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला आणि २५ जून २०२५ पासून पुन्हा उतरवायला सुरुवात झाली. तिथे ट्रक चालवणारे आपल्या देशातले पंजाबी बांधव हजारोंनी आहेत. वर्षानुवर्षे गाडी हाकलेल्या माणसाची रोजीरोटी हायवेच्या कडेला विचारलेल्या चार प्रश्नांवर आली.

आता आपल्याकडे या. साधा ट्रक चालवायला इंग्रजीची अट नाही, हे खरे. शिकाऊ लायसन्सची परीक्षा मराठीतून देता येते. शाळेची अट मात्र मध्यंतरी होती. २००७ साली केंद्र सरकारने नियम केला की ट्रान्सपोर्टचे लायसन्स हवे असेल तर आठवी पास पाहिजे. वीस-वीस वर्षे क्लिनरकी करून गाडीचा प्रत्येक आवाज ओळखणारी माणसे त्या एका दाखल्यासाठी अडली. ज्याने लहानपणी शाळा सोडून वीटभट्टीवर काम केले, त्याला चाळिशीत आठवीचा दाखला कोण देणार? हरियाणातल्या मेवात भागातल्या गरीब ड्रायव्हरांचा प्रश्न तिथल्या सरकारने दिल्लीला मांडला. जून २०१९ मध्ये ही अट काढण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती नियमातून गेली. चांगले झाले. गाडी चालवण्याचे कसब दाखल्यावर मोजता येत नाही.

पण अट गेली म्हणजे अक्षरांचा प्रश्न संपला असे समजू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नववा नियम अजून जागेवर आहे. पेट्रोल, डिझेल, गॅस, ॲसिड, विषारी रसायने, स्फोटके असा धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरसाठी तो आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. एक, ट्रान्सपोर्टचे लायसन्स. दोन, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली किमान एक भारतीय भाषा आणि तिच्या जोडीला इंग्रजी, दोन्ही वाचता-लिहिता येणे. तीन, सरकारमान्य संस्थेतले तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र. मराठी आठव्या परिशिष्टात आहेच. राहिली ती इंग्रजी.

इथे नीट लक्ष द्या. नियम म्हणतो, वाचता-लिहिता येणे. कितवी पास, किती टक्के, कुठल्या शाळेचा दाखला, यातले काहीही त्या ओळीत नाही. आठवीच्या अटीत कागद मागितला होता, या अटीत कुवत मागितली आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसालाही कुवत कमावता येते. आमचे कित्येक तरुण मात्र 'टँकरला इंग्रजी लागते' एवढेच ऐकून मागे फिरतात आणि मिळेल त्या भाड्याच्या गाडीवर रात्री काढतात. त्यांना वाटते फाडफाड इंग्रजी बोलावे लागेल. तसे काही नाही.

मग ही इंग्रजी कशाला लागते? टँकरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना लावलेली चौकोनी पाटी तुम्ही पाहिली असेल. नियमाप्रमाणे तीन ठिकाणी ती लावावी लागते. मालाचे खरे नाव, मालाचा वर्ग दाखवणारे चिन्ह, संकटात मदत मागायचा फोन नंबर, असे त्यावर असते. चार आकडी नंबरही असतो. पेट्रोलचा १२०३, डिझेलचा १२०२, घरगुती गॅसचा १०७५, गंधकाच्या ॲसिडचा १८३०. हे नंबर संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले आहेत आणि जगभर तेच चालतात. आपला टँकर तामिळनाडूत उलटला तर तिथल्या अग्निशामक दलाच्या जवानाला मराठी येणार नाही आणि आपल्या पोराला तमिळ येणार नाही. दोघांच्या मध्ये ती पाटीच बोलते.

पेट्रोलच्या टँकरवर 'थ्री वाय ई' अशीही एक खूण असते. पहिला आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो. तीन म्हणजे फेस. चार असता तर पाणी मारायचेच नाही, कोरडी पावडर वापरायची. 'वाय' सांगतो की सांडलेला माल अडवून धरा, गटारात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. शेवटचा 'ई' सांगतो की आसपासच्या माणसांना हलवण्याचा विचार करा. तीन अक्षरांत केवढी गोष्ट आहे बघा! ज्याला ती वाचता येतात तो बघ्यांना ओरडून लांब करतो. ज्याला येत नाहीत तो बादली घेऊन पळतो.

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याजवळ टँकर उलटून पेटला. चार माणसे गेली, त्यात पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारेही होते. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ गॅसच्या टँकरला धडक बसली, गॅस पसरला आणि आगीत कितीतरी जीव गेले. इंग्रजी न आल्याने हे अपघात झाले असे मी म्हणत नाही. म्हणणे एवढेच की असे काही घडले तर बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटे तिथे ड्रायव्हर आणि क्लिनर हे दोघेच असतात. टँकरच्या पाठीवर काय लिहिले आहे हे त्या दोघांना कळलेच पाहिजे.

यात ड्रायव्हरचा हक्कही आहे, तो विसरू नका. धोकादायक मालाची पूर्ण माहिती देणे ही माल पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे. ती ड्रायव्हरला लेखी देणे आणि त्याला प्रशिक्षण मिळाले आहे याची खात्री करणे ही गाडीमालकाची जबाबदारी आहे. या लेखी माहितीला लाइनमध्ये 'ट्रेम कार्ड' म्हणतात. माल कोणता, अंगावर पडला तर काय करायचे, गळती झाली तर काय करायचे, हे त्यावर असते. ते कार्ड केबिनमध्ये हाताशी ठेवणे ही ड्रायव्हरची जबाबदारी. म्हणून शेठ म्हणाला, 'निघ रे, कार्ड-बिर्ड नंतर बघू,' तर नम्रपणे सांगावे, 'शेठ, कार्ड द्या, मगच गाडी काढतो.' कार्ड मागायला धीर लागतो, आणि ते वाचता येत असेल तर तो धीर आपसूक येतो. उद्या काही वाईट झाले तर बोट पहिले ड्रायव्हरकडेच दाखवले जाते, आणि विमा कंपनी लायसन्सवरची नोंद तपासते.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे पैसे भरले. अर्धा दिवस बसवून त्याच्या हाती प्रमाणपत्र दिले. मुलगा खूश, घरचेही खूश. मी त्याला विचारले, 'बाबा रे, पाटीवरचा चौकोन उभा करून लाल रंगात ज्वाळा काढलेली असते, तिच्याखाली काय लिहिलेले असते?' तो हसला. संस्थेचे नाव घेत नाही. पण मायबापहो, वाचलेले अडीच दिवस हा फायदा नव्हे. त्याच्या बायको-पोरांच्या वाट्याचे संरक्षण त्यात गेले. आठवीचा दाखला हा कागद होता म्हणून आपण रडलो. मग कुवतीच्या जागी पुन्हा कागदच विकत घ्यायचा का?

साध्या ट्रकवरच्या ड्रायव्हरनेही हे आपल्याला लागू नाही असे म्हणू नये. हुबळीच्या पुढे गेले की पाट्यांवरची कानडी वाचता येत नाही, गावाचे नाव कळते ते इंग्रजी अक्षरांवरून. मी कारकून माणूस, दिवसभर कागदातच असतो. मालासोबतच्या ई-वे बिलावर गाडीचा नंबर आणि मुदत असते. साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस असा त्या मुदतीचा हिशेब. नंबर चुकला किंवा मुदत संपली तर गाडी अडते, दंड लागतो, आणि मालक ते ड्रायव्हरच्या पगारातून कापू पाहतो. निघताना दोन ओळी वाचल्या तर ते टळते.

मग शिकायचे कसे? सव्वीस अक्षरे आणि दहा आकडे, आधी एवढेच. मोठी अक्षरे पहिल्यांदा, कारण पाट्या मोठ्या अक्षरांतच असतात. नंतर रोज दोन शब्द. फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारे. टॉक्सिक म्हणजे विषारी. कॉरोसिव्ह म्हणजे कातडी आणि लोखंड खाणारे. एक्स्प्लोसिव्ह म्हणजे स्फोटक. व्हॉल्व्ह, लीक, डायव्हर्जन, हाइट. असे चाळीस-पन्नास शब्द एका वहीत लिहून ती केबिनमध्ये ठेवावी. माल भरायला लोणी काळभोरला किंवा उरणला नंबर लागेपर्यंत तासन् तास बसावे लागते. तेवढ्या वेळात पत्त्यांऐवजी वही काढावी. क्लिनरलाही सोबत घ्यावे, उद्याचा ड्रायव्हर तोच आहे.

आणि शिकवणार कोण? आपल्या घरातलीच मुले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. सहावी-सातवीतल्या मुलीला ही अक्षरे तोंडपाठ असतात. बाप फेरीवरून आला, अंघोळ-जेवण झाले की तिने पाटी घेऊन त्याच्याजवळ बसावे. मायबहिणींनो, यात तुमचा शब्द चालतो. लेकीपुढे अक्षर गिरवायला बापाला लाज वाटली तर त्याला समजवा की लाज न शिकण्याची वाटावी. वस्तीतल्या विहारात महिन्यातून दोन रविवार कॉलेजच्या मुलांनी ड्रायव्हरांसाठी दोन तास बसावे. टँकरवरच्या जुन्या जाणत्यालाही बोलवावे. अक्षरे मुलांनी शिकवावीत, धोका त्याने समजवावा. याला ना वर्गणी लागते ना मंडप.

नव्या मुलांसाठी थोडे व्यवहाराचे. हलक्या गाडीचे लायसन्स अठरा वर्षांना मिळते. ते वर्षभर जुने झाल्यावर आणि वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर ट्रान्सपोर्टचे मागता येते. आपल्या आंबेगाव-जुन्नरला पिंपरी-चिंचवडचे आरटीओ कार्यालय लागते. २०१९ च्या दुरुस्तीपासून ट्रान्सपोर्टच्या लायसन्सची मुदत पाच वर्षे आहे, धोकादायक मालासाठी तीन वर्षे. पूर्वी ही दुसरी मुदत एकच वर्ष होती, त्यामुळे जुन्या मंडळींचा अजून घोटाळा होतो. लायसन्सवरची तारीख आजच पाहून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. पोलीस आणि कोणतीही तातडीची मदत ११२, अग्निशामक १०१, घरगुती गॅसची गळती १९०६. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे हेही धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरवर नियमाने बंधनकारक आहे.

साधा माल नेणाऱ्या गरिबाला परक्या भाषेच्या परीक्षेवरून घरी बसवणे अन्याय आहे, मग ते अमेरिकेत होवो की आपल्याकडे. वीस हजार लिटर पेट्रोल पाठीवर घेऊन वस्तीतून जाणाऱ्याला मात्र आपण काय नेतो आहोत हे वाचता आलेच पाहिजे. ती अट त्याच्या जिवासाठी आहे आणि रस्त्याकडेच्या आपल्यासारख्यांच्या जिवासाठीही. ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे त्यांनी येत्या रविवारीच एक दोनशे पानी वही आणावी आणि पहिले अक्षर मुलीकडून काढून घ्यावे.