डोकं काढण्याआधी

आमच्या ऑफिसच्या बँडमध्ये मी बास वाजवतो. खरं म्हणजे गिटारवाले भरपूर झाले, बासला कोणी मिळेना, म्हणून मी! गेल्या शनिवारी दोन तास प्रॅक्टिस झाली आणि डावा खांदा असा काही धरला की विचारू नका. कारण साधं आहे. बास गिटारची मान लांब, आणि तिच्या टोकाला हेडस्टॉक, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असलेलं जड डोकं. हात सोडला की ते डोकं खाली जातं. म्हणजे डाव्या हाताने वाजवायचंही आणि सावरायचंही.

हे डोकंच काढून टाकणारा एक माणूस होऊन गेला नाही, अजून आहे. नेड स्टाइनबर्गर. नाव माहीत नसेल, पण ऐंशीच्या दशकात 'रश'च्या गेडी लीच्या हातात एक काळा, चौकोनी, बिनडोक्याचा बास असायचा, तो ह्याचाच.

नेड मुळात वाद्यं बनवणारा नाही, फर्निचर डिझाइन करणारा. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुतारकाम करणाऱ्यांच्या एका सहकारी वर्कशॉपमध्ये तो होता. तिथेच स्टुअर्ट स्पेक्टर बास बनवत होता. नेडने त्याच्यासाठी एक बास डिझाइन केला. पोटाला टेकेल असं बाक दिलेलं त्याचं अंग आजही स्पेक्टरची ओळख आहे. पण डोकं खाली जायचा प्रश्न काही त्याच्या मनातून जाईना. शेवटी १९८० मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि 'एल-टू' हा बिनडोक्याचा बास आणला.

आता इथे आपण इंजिनियर लोक लगेच खूश होतो. बघा, बाहेरून आलेला माणूस, परंपरेचं ओझं नाही, नको ते उडवलं! मला हे अर्धंच खरं वाटतं.

कारण नेडने डोकं नुसतं उडवलं नाही. आधी ते काय काम करतं ते पाहिलं. डोक्याची कामं दोन. तारेचं टोक धरून ठेवणं आणि तार सुरात लावणं. त्याने दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा वापरल्या, म्हणजे वरचं टोक एका खाचेत नुसतं अडकवायचं, खुंटीला गुंडाळणं नाही. आणि सुरात लावायचं काम खाली ब्रिजपाशी नेलं, ४०:१ गुणोत्तराच्या ट्यूनरवर. शिवाय लाकडी मान स्वतः थरथरते आणि काही सुरांची ताकद गिळते, ते सूर मेल्यासारखे वाजतात. म्हणून लाकूड सोडून त्याने मान आणि अंग कार्बन फायबर व इपॉक्सीच्या मिश्रणाचं एकसंध ओतलं. डोकं गेलं, पण त्याचं एकही काम बेवारस राहिलं नाही.

की राहिलं? माझ्या मते एक राहिलं. डोकं ही गिटारची ओळखही असते, लांबून आकार बघून लोक कंपनी सांगतात. ते गेल्यावर कित्येकांना हे वाद्यच वाटेना. वर त्या खास तारा कुठेही मिळत नाहीत ते वेगळंच. १९८७ मध्ये कंपनी गिब्सनकडे गेली आणि नव्वदीत लोक पुन्हा लाकडाकडे वळले. नेडने १९९० मध्ये एनएस डिझाइन काढून इलेक्ट्रिक व्हायोलिन, चेलो, उभे बास करायला घेतले. आणि गंमत म्हणजे २०१० नंतर स्ट्रँडबर्गसारख्या कंपन्यांमुळे बिनडोक्याच्या गिटार पुन्हा जोरात आल्या. कल्पना बरोबर होती, तिसऱ्या कामाचा हिशेब तेवढा महाग पडला.

हे सगळं आज का सुचतंय? सोमवारी मला टीमसमोर सांगायचंय की आमच्या सिस्टिममधलं एक जुनं मॉड्यूल ठेवायचं की काढायचं. लिहिणारे कधीच सोडून गेले. तीन वर्षांपूर्वी असंच एक 'निरुपयोगी' स्क्रिप्ट मी मोठ्या उत्साहात उडवलं होतं. महिनाअखेरीला कळलं की अकाउंट्सचा एक रिपोर्ट त्यातूनच निघायचा. अकाउंट्समधल्या एका काकूंनी दोन रात्री बसून तो हाताने केला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हा ह्यावेळी मी कागदावर यादी करतोय. हे मॉड्यूल काय काय करतं, आणि ते गेल्यावर प्रत्येक काम कोण करणार. उजवीकडचा रकाना भरला तर काढू. दोन ओळी अजून रिकाम्या आहेत. त्यातल्या एकीसाठी उद्या काकूंना फोन करणार आहे.